पैसा बोंडात आहे

(बीड येथील वसंत व्याख्यानमालेत मे २०२५ मध्ये झालेले व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून.)



पत्रिकेवर आजचा विषय ‘वैद्यकीय प्रवेश : संधी आणि आव्हाने’ असा छापलाय. तो माझा नाही. मी कळवला होता, ‘उशिरा पोचलेला आणि खिसा हलका असलेला विद्यार्थी’. संयोजक म्हणाले, सर, एवढं एका ओळीत बसत नाही. (हशा) तेव्हा संधी आणि आव्हाने ऐकायला आलेल्यांनी आत्ताच उठलं तर मी वाईट वाटून घेणार नाही. पंखे तसेही त्या बाजूचे बंद आहेत.

उशीर या विषयावर बोलायला बीडइतकं हक्काचं गाव नाही. आपली रेल्वे नव्वदच्या दशकात मंजूर झाली. तेव्हा माझ्या वर्गात बसलेली पोरं आता स्वतःच्या पोरांना नीटच्या केंद्रावर सोडायला जातात आणि इतकी वर्षं आपण गाडीची वाटच बघत राहिलो. (हशा, टाळ्या)

परवा ४ मेला नीट झाली. १८० प्रश्न, ७२० गुण, पंधरा टक्के दिल्लीचे, पंच्याऐंशी टक्के राज्याचे, मग कॅपच्या फेऱ्या. हे इथल्या प्रत्येक आईला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, ते सोडून देतो. सत्तर-तीसचा प्रादेशिक कोटा २०२० साली गेला, त्याचंही रडगाणं नको. ज्यांना त्यावर भांडायचं असेल त्यांनी चहाच्या वेळी मला गाठावं.

मला एकच सांगायचंय. गेली कित्येक वर्षं मी तेच सांगतोय असं लोक म्हणतात, आणि ते खरं आहे. आपल्याकडचा पोरगा पैशाअभावी डॉक्टर होत नाही असं आपण सरसकट बोलतो. पूर्ण खरं नाही ते. खासगी कॉलेजची वर्षाची अनेक लाखांची फी बाजूला ठेवा, तो वेगळा रोग आहे. पण सरकारी कॉलेजची जागा, अंबाजोगाईची, नांदेडची, लातूरची, आता धाराशिव, परभणी, जालना, हिंगोलीही झालंय, तिथली फी भरण्याइतका पैसा वर्षभरात आपल्या बऱ्याच घरांतून जातो. तो त्या आठवड्यात नसतो, एवढंच.

कॅलेंडर काढा. जूनमध्ये निकाल. त्याच जूनमध्ये पेरणी, घरातला होता तो पैसा बी-खतात मातीखाली. जुलै-ऑगस्टमध्ये फेऱ्या सुरू. गेल्या वर्षी आपल्या राज्याची पहिली यादीच ऑगस्ट संपता संपता लागली. शेवटच्या फेऱ्या, स्ट्रे राउंड म्हणतात त्या, पोळ्यानंतर दसऱ्या-दिवाळीपर्यंत. आता सांगा, पोळा ते दसरा आपल्या घरात काय असतं? सोयाबीन उभं. कापूस झाडावर. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल काहींना मिळालेली, ती जुन्या देण्यात गेलेली. कोयता अजून निघायचाय. बारा महिन्यांतला सगळ्यात कडकीचा काळ, आणि नेमका त्यातच ईमेल येतो : जागा मिळाली आहे, चार दिवसांत मूळ कागदपत्रं आणि शुल्कासह हजर व्हा.

माझं म्हणणं, फीची तारीख सुगीला बांधा. जागा त्याच दिवशी पक्की करा, कागद ठेवून घ्या, हवं तर बापाचा अंगठा घ्या, पण पैसे डिसेंबरात मागा.

लोक म्हणतात, सर भाबडे आहेत, सरकार असं कुठं करतं? अहो, करतं की! शेतसारा घेताना करतं. खरीप गाव वेगळं, रब्बी गाव वेगळं, पीक हातात येईल त्या हिशोबानं साऱ्याच्या हप्त्याची तारीख. रयतेकडं पैसा कधी असतो हे सरकारला पक्कं ठाऊक आहे. वसूल करायचा असला की आठवतं. (टाळ्या)

आता एक गोष्ट सांगतो. छोटीच आहे.

सीईटी नुकती सुरू झाली होती, म्हणजे पंचवीस वर्षं झाली. माझा एक विद्यार्थी, नाव सांगत नाही, कारण त्यानं निघताना बजावलंय, ‘सर, माझी गोष्ट सांगू नका.’ (हशा) नाव न सांगण्याचंच वचन दिलंय. तर तो प्रतीक्षा यादीत होता. सप्टेंबरात गावातल्या एसटीडी बूथवर निरोप आला : यादी पुढं सरकली, परवा पाचच्या आत फी आणि कागद घेऊन या. मी सायकल काढली आणि त्याच्या शेतावर गेलो. वडील कपाशीत खुरपत होते. मी म्हणालो, जागा मिळाली, पैशाचं काय? ते उभे राहिले, हात झटकले, शेताकडं बघितलं. म्हणाले, ‘पैसा हाय की गुरुजी. पर अजून बोंडात हाय.’

मी पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, बोंडाची आकृती फळ्यावर शेकडो वेळा काढली. पण त्यात काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

मग जमवाजमव. व्यापाऱ्याकडं गेलो, तो म्हणाला, उभ्या कापसावर देतो, पण भाव माझा. तो कुठला भाव ते तुम्हाला सांगायची गरज नाही. दोन शेळ्या आठवडी बाजारात. बाजार नेमका आदल्या दिवशी होऊन गेलेला, म्हणून खाटकाच्या दारात, म्हणजे परत भाव त्याचा. बायकांची भिशी फोडली. माझे थोडे. रात्री कंदिलाखाली मोजले तर दहा-दहाच्या, वीस-वीसच्या नोटा, एवढी चळत झाली. सकाळी बँकेत डीडी काढायला गेलो. कॅशियरनं चळत बघितली आणि आमच्याकडं असं बघितलं, जसं आम्ही देवळाची दानपेटी फोडून आलोय. मोजता मोजता दीड वाजला. पाच नोटा फाटक्या निघाल्या, त्या बदलायला मी बाहेर पानटपरीवर. तोवर कॅशची वेळ संपत आलेली. शेवटी डीडी हातात पडला तेव्हा एसटी गेलेली. पुढची मिळाली, ती मांजरसुंब्याच्या घाटात तापली. ड्रायव्हरनं बोनेट उघडलं, सगळे खाली. पोराचे वडील रस्त्याच्या कडेला डीडीची पिशवी पोटाशी धरून बसलेले. त्यांना वाटत होतं, वाऱ्यानं उडेल...

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.) हो, हो. संपवतो. छोटीच आहे म्हणालो होतो, चूक माझी.

पोचलो साडेपाचला. कॉलेजचं नाव घेत नाही. खिडकी बंद झालेली. आतला कारकून चांगला माणूस, बाहेर आला, डीडी हातात घेतला, आणि म्हणाला, हा चुकीच्या नावानं काढलाय. ते संपलंच. दुसऱ्या दिवशी जागा यादीतल्या पुढच्या मुलाला गेली. मला त्या मुलाचा भयंकर राग आला. नंतर कळलं, तो शेजारच्या तालुक्यातल्या ऊसतोड जोडप्याचा मुलगा, दोन दिवस त्याच व्हरांड्यात झोपला होता, त्याच्याकडं उचलीच्या पैशाचा डीडी तयार होता. मुकादमाकडून त्याला आधी मिळाली होती, इतकाच फरक. आज माझा रक्तदाब तोच तपासतो. (हशा) तेव्हा रागवायची सोयही राहिली नाही.

(श्रोत्यांतून : मग सगळ्यांनाच उशीर माफ करायचा का?)

नाही. नाही हो. हा प्रश्न मला दरवेळी विचारतात, आणि विचारणाऱ्याचा मुलगा बहुतेक वेळा पहिल्या फेरीत लागलेला असतो. (हशा) रागावू नका, मीही जरा तापलोय, पंखा बंद आहे. अर्ज उशिरा केला, झोपा काढल्या, त्याला माफी नको. मी पैशाच्या तारखेबद्दल बोलतोय. आणि तारखा हलत नाहीत असं कोण म्हणालं? एमबीबीएस प्रवेशाची ३० सप्टेंबर ही तारीख सर्वोच्च न्यायालयानं किती कडक पाळायला लावली होती! पण कोरोनात परीक्षाच सप्टेंबरात झाली, तारीख हलली. गेल्या डिसेंबरात देशभर जागा रिकाम्या राहिल्या, तर न्यायालयानं ३० डिसेंबरपर्यंत विशेष फेरी घ्यायला लावली. जागा रिकामी राहिली की तारीख सरकते. खिसा रिकामा असला की मात्र सर्व्हर बरोबर पाचला बंद.

उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगरच्या एका मजुराचा पोरगा. धनबादच्या आयआयटीत जागा, भरायचे साडेसतरा हजार. गावानं वर्गणी काढली, २४ जूनला संध्याकाळी पाचच्या मुदतीला काही मिनिटं चुकली. दार बंद. तो हिंडत हिंडत सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तेव्हाचे सरन्यायाधीश, आपले चंद्रचूड, यांच्या पीठानं त्याला जागा द्यायला लावली. तारीख होती ३० सप्टेंबर २०२४, बघा योगायोग. पण साडेसतरा हजारांसाठी दिल्लीपर्यंत जायला लागणं, हा काय न्याय मिळण्याचा सोपा मार्ग झाला?

आणि आनंदीबाई जोशी. तुम्हाला शाळेपासून माहीत, मी पुन्हा सांगत नाही. फक्त एवढं लक्षात घ्या, ती १८८३ च्या जूनमध्ये अमेरिकेत उतरली तेव्हा तिच्याकडं कॉलेजातली जागा नव्हती. २८ जूनला तिनं अर्जाचं पत्र लिहिलं. आपण तुमच्या सगळ्या अटींत बसणार नाही, हे त्यातच कबूल केलं. पैशाची तर बोंबच होती. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांनी तिला घेतलं, शिष्यवृत्ती दिली, ऑक्टोबरात ती वर्गात बसली. आजच्या पोर्टलवर ती कुठल्या रकान्यात बसली असती, ते तुम्हीच शोधा. पत्र वाचणारं माणूस तिकडं खुर्चीत होतं...

(दुसरी चिठ्ठी.) पाच मिनिटं? अध्यक्ष, तुमची पाच की माझी पाच? (हशा) बरं. मग आता पालकांसाठी भराभर, लिहून घ्या, पुन्हा सांगणार नाही.

बँकेचं आधी. बँक म्हणते, जागा मिळाल्याचं पत्र आणा मग कर्ज. पत्र आल्यावर हातात चार दिवस, बँकेला लागतात तीन आठवडे. म्हणून निकालाच्या आधीच, आत्ता, शाखेत जाऊन बसा, विद्यालक्ष्मीवर खातं उघडा, तत्त्वतः मंजुरी मागा. साडेसात लाखांपर्यंत सरकारच्या हमीवर विनातारण कर्ज मिळतं. शाखाधिकारी शेत गहाण टाका म्हणाला तर त्याला योजनेचं परिपत्रक मागा.

राजर्षी शाहू शिष्यवृत्ती. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्कात निम्मी सवलत. मुलींना २०२४-२५ पासून पूर्ण. पण कॅपमधून लागलेल्यांनाच, व्यवस्थापन कोट्याला नाही. एजंट फोन करून म्हणेल ‘तीच योजना लागू करून देतो’, फोन ठेवा. आणि शुल्क माफ म्हणजे सगळं माफ नव्हे. खोली, मेस, अनामत, पुस्तकं घरूनच.

नॉन-क्रिमिलेअर ३१ मार्चला संपतं. मुदत संपलेलं चालणार नाही, नवीन काढा. जात वैधता ज्यांची अडकली असेल त्यांनी पडताळणी समितीत या आठवड्यात जा, पोळ्याला नाही. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, सगळं मे महिन्यातच. निकालानंतर सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते.

मूळ कागद! दुसऱ्या कोर्सला प्रवेश घेऊन ठेवलाय आणि टीसी तिथं अडकली, असे दरवर्षी दोन-तीन जण माझ्याकडं रडत येतात.

अभिमत विद्यापीठांच्या फेरीत दोन लाख अनामत लागते, ती परत मिळते, पण तोपर्यंत अडकून पडते. स्ट्रे राउंडला जागा मिळाली आणि घेतली नाही तर पुढच्या वर्षाची दारं बंद होतात. पसंतीक्रम भरताना फी परवडणार नाही असं एकही कॉलेज भरू नका, ‘बघू पुढं’ म्हणून तर मुळीच नको. आणि सरकारी कॉलेजनंतर एक वर्ष सेवा, नाहीतर दहा लाख. हे बंधपत्र वाचून सही करा, मागून मला फोन करू नका.

परदेशाचं राहिलं, तो वेगळा... हो, उठलो, उठलो.

कागदपत्रांची यादी बाहेर टेबलावर ठेवलीय. घरटी एकच घ्या, झेरॉक्सचे पैसे माझे आहेत.