उतारवयांतील वाटसोबती

माणसाची पारख प्रवासांत होते, असें जुनीं माणसें सांगत आलीं आहेत. तरुणपणीं ही परीक्षा सोपी असते; मुक्काम हुकला, जेवण चुकलें, तरी तें हंसण्यावारी नेतां येतें. साठीच्या पुढें मात्र पाय थकलेले, दृष्टि मंद, घरची सोय मागें राहिलेली. अशा वेळीं सोबत्याचें लहानसें वागणेंही मनाला लागतें. इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासांत याचें एक बोलकें उदाहरण आहे.

सन १७७३ च्या ऑगस्टमध्यें विख्यात कोशकार डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन स्कॉटलंडच्या प्रवासास निघाले. त्यांचें वय ६३ वर्षांचें. देह अवजड, डोळे लहानपणापासून अधू. सोबतीस त्यांचा मित्र जेम्स बॉस्वेल, वयानें निम्मा, ३२ वर्षांचा वकील. १८ ऑगस्टला एडिंबरो सोडल्यावर इन्व्हर्नेसपर्यंत दोघांना घोडागाडी मिळाली. पुढें पश्चिमेकडील डोंगराळ मुलखांत घोड्यावर बसूनच जाणें भाग होतें. बॉस्वेलचा नोकर व दोन पहाडी वाटाडे बरोबर होते.

१ सप्टेंबरच्या सायंकाळीं ही मंडळी रॅटागनचा घाट उतरून समुद्रकांठच्या ग्लेनेल्ग गांवाकडे चालली होती. डॉक्टरांच्या भारानें त्यांचा नेहमींचा घोडा थकल्यामुळें दुसरा दिला होता, आणि तो उतारावर नीट चालेना. डॉक्टर कुरकुरूं लागले. तेव्हां लगाम धरून चालणाऱ्या वाटाड्यानें, लहान मुलास रिझवावें तसें, शीळ घालून शेळ्यांना उड्या मारावयास लाविलें व त्या डॉक्टरांना दाखविल्या. एवढ्या मोठ्या पंडिताची ही समजूत घालण्याची रीत पाहून बॉस्वेलला मोठी मौज वाटली.

अंधारून आलें. सर्व मुकाट्यानें चालले होते. आधीं जाऊन सराईंत मुक्कामाची नीट व्यवस्था करावी, या सद्धेतूनें बॉस्वेलनें आपला घोडा पुढें काढला. तोंच पाठीमागून डॉक्टरांनीं प्रचंड आरोळी देऊन त्याला परत बोलाविलें. ते खरोखरीच संतापले होते. बॉस्वेलनें आपला हेतु सांगितला, पण राग शमेना. असें वागणाऱ्यावर विश्वास कसा ठेवावा, पुढें तो काय करील याचा नेम काय, असें त्यांचें म्हणणें. मुक्कामीं पोंचल्यावर विषय पुन्हां निघाला, तेव्हां तर, तूं तसाच गेला असतास तर एडिंबरोस परतून तुझ्याशीं बोलणें कायमचें सोडलें असतें, इथपर्यंत मजल गेली.

सराई ओलसर व गलिच्छ होती. मांस, दूध, पाव, अंडीं, कांहींच नव्हतें. दोघे गवतावर निजले. बॉस्वेलला नीट झोंप लागली नाहीं. सकाळीं त्यानेंच ती गोष्ट काढली. डॉक्टरांनीं सरळ कबूल केलें कीं, आपण रागाच्या भरांत बोललों; तसें केलें नसतें, आणि केलें असतें तर आपणच अधिक दोषी ठरलों असतों. त्याच दिवशीं दोघे होडींतून स्काय बेटावर गेले, आणि ९ नोव्हेंबरला एडिंबरोस परत येईपर्यंत प्रवास बरोबरच झाला.

विचार करतां, त्या रागाच्या मुळाशीं भय होतें असें वाटतें. परका मुलूख, परका घोडा, अंधार, अधू डोळे, आणि जिवाभावाचा एकच माणूस, तोही दिसेनासा होत चाललेला! बॉस्वेलचा हेतु चांगला होता. चूक इतकीच कीं, जाण्यापूर्वीं त्यानें सोबत्याला विश्वासांत घेतलें नाहीं.

डॉक्टरांनीं १७७५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तांत त्या सराईच्या दैन्याचें वर्णन आहे, भांडणाचें नाहीं. बॉस्वेलनें मात्र, डॉक्टरांच्या मृत्यूनंतर १७८५ सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत, तें सारें प्रांजळपणें सांगितलें.

दोन वृद्ध मित्र आज मोटारीनें हवापालटास निघाले, तरी त्यांच्या उपयोगाची गोष्ट हीच आहे. एक जण खोली पाहण्यासाठीं पुढें गेला, तर दुसऱ्यास सांगून जावें. आणि इतकें करूनही शब्दास शब्द लागलाच, तर तो पुढच्या मुक्कामापर्यंत वागवूं नये. सकाळचा चहा घेतांनाच मिटवून टाकावा.