पितृवंशाची खूण



होळकरांच्या पाठोपाठ दक्षिणेतून इंदुरास आलेल्या मराठी घराण्यांनी आपापल्या वंशावळी आस्थेने जपल्या. मूळ पुरुषापासून खाली उतरणाऱ्या या वृक्षात पुत्रामागून पुत्र येतो. लेकी-सुना बहुधा अनुल्लेखितच राहतात. निसर्गानेही नेमकी अशीच एक वंशावळ लिहून ठेवली आहे. मनुष्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांतील ‘वाय’ हे गुणसूत्र केवळ पित्याकडून पुत्राकडे जाते. त्याचा बहुतेक भाग इतर गुणसूत्रांशी मिसळत नाही. क्वचित त्यात एखादा लहानसा बदल घडतो आणि मग तो त्या पुरुषाच्या पुढील पुत्रपौत्रांत उतरत राहतो. अशा बदलांच्या तुलनेवरून दोन पुरुषांचा समान पूर्वज किती मागे असावा, याचा अदमास बांधता येतो.

या दोन वंशावळी सर्वत्र जुळतातच असे नाही. कागदावर दत्तकास औरसाचे स्थान असते. गुणसूत्रास दत्तविधान ठाऊक नाही. १८४४ मध्ये होळकरांच्या गादीवर बसलेले दुसरे तुकोजीराव दत्तकच होते. नाव, कुळधर्म आणि राज्य अखंड चालले, आणि त्या वंशाला होळकर म्हणण्यात कोणासही संकोच वाटला नाही.

शेजारी लोकसमूहांची तुलना केली असता हा भेद अधिक उद्बोधक ठरतो. युरोपातील पितृवंशांचा एक व्यापक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात साम्यभेदांचा संबंध भाषेपेक्षा भूगोलाशी अधिक दिसला. हंगेरियन भाषा शेजारच्या भाषांहून निराळ्या कुळातील आहे. तिच्या भाषकांचे पितृवंश मात्र बव्हंशी शेजाऱ्यांसारखेच आहेत.

कोकणातील बेने इस्राएलांची कथा याच्या उलट आहे. मराठी त्यांची मातृभाषा. रोहेकर, पेणकर, किहिमकर ही आडनावे कुलाब्याच्या गावांवरून पडलेली. व्यवसाय तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची परंपरा सांगते की, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. आधुनिक परीक्षणात त्यांच्या पितृवंशात पश्चिम आशियाशी नाते सांगणाऱ्या खुणा आढळल्या. आईकडून अपत्यांस मिळणाऱ्या तंतुकणिकांच्या वारशाने मात्र बहुतांशी भारतीय मातांकडे बोट दाखविले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हे दोन प्रवाह एकत्र येण्याचा काळ सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा, म्हणजे गेल्या सहस्रकातला, ठरविला. हा मिश्रणाचा काळ, आगमनाचा नव्हे. दंतकथा खोटी पडली, अशी आरोळी ठोकण्याची घाई त्यामुळे कोणी करू नये. त्या सात स्त्रियांविषयी मात्र विज्ञान दंतकथेइतके निःशंक नाही, एवढे खरे.

शिवाय हे गुणसूत्र फार थोडे सांगते. दहा पिढ्या मागे गेल्यास, नात्यात विवाह झाले नसल्यास, प्रत्येकाचे १,०२४ पूर्वज भरतात. वाय गुणसूत्र त्यांतील एकाचीच वार्ता आणते. उरलेल्या १,०२३ जणांनीही रक्त दिले, पण या साक्षीत त्यांना बोलता येत नाही. एका खुणेवरून जातीची शुद्धता वा श्रेष्ठता सिद्ध करू पाहणारे नेमके एवढेच विसरतात.

कुळाचा पुरावा मागण्याचा प्रसंग या समाजावर प्रत्यक्ष आला होता. इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्राएलांच्या विवाहांबाबत १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश दिले. दुखावलेल्या कुटुंबांनी निदर्शने केली आणि अखेर १९६४ मध्ये इतर ज्यूंच्या बरोबरीचे स्थान त्यांना मान्य झाले. त्या वेळी वाय गुणसूत्राची परीक्षा उपलब्ध नव्हती; असती तरी उपयोग बेताचाच झाला असता. ज्यू धर्मशास्त्रात कुळ मातेकडून मोजतात आणि हे गुणसूत्र मातेविषयी मौन पाळते. त्या वसाहतींत पुढे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले.