बर्फाखालचे ऊबदार पाणी



पांढुर्ण्यात बसून समुद्रावर व्याख्यान, हे ऐकून काही मंडळी हसली. पण आपल्या कन्हानचे पाणी वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी अशी नावे बदलत समुद्रातच जाते, आणि पांढुर्णा-सौंसरची कितीतरी मुले आज मुंबईत समुद्राकाठी राहतात.

ग्रीनलंडवरचे सारे बर्फ वितळले तर जगातला समुद्र सुमारे ७ मीटर चढेल. हे बर्फ वरून, उन्हाने वितळते असे आपण समजतो. ते अर्धेच खरे. तिथल्या समुद्राचा वरचा थर अतिथंड, पण कमी खारट असतो. त्याखाली, साधारण २०० मीटरनंतर, अटलांटिकहून आलेले ऊबदार पाणी. ऊबदार पाणी वर यायला हवे. पण मिठाने ते जड झालेले, म्हणून खालीच राहते आणि हिमनदीचा पाया कुरतडते.

हे पाणी मोजायचे कसे? हिमखंडांनी भरलेल्या खाडीत जहाज नेणे अवघड. म्हणून नासाच्या जॉश विलिस यांच्या गटाने २०१६ ते २०२१ या काळात दरवर्षी विमानातून सुमारे २५० नळकांडी टाकली. नळकांडे छत्रीने उतरते. एक भाग तरंगत राहतो. दुसरा बारीक तारेला बांधलेला, तापमान आणि खारटपणा कळवत १००० मीटरपर्यंत बुडतो. तरंगता भाग ते आकडे रेडिओने विमानाला देतो. बुडण्याचा वेग ठाऊक असतो, त्यामुळे घड्याळावरूनच खोली कळते. नळकांडे मात्र परत येत नाही. पाण्याची तब्येत विचारायला पाण्यातच कचरा टाकायचा, हे माझ्यासारख्या जैनाला खटकते. तरीही मोजणे सोडावे असे मी म्हणणार नाही.

कारण याकोबशाव्हन ही हिमनदी. २०१६ पासून तिच्यापाशी पोचणारे पाणी थंड झाले, तिचा वेग मंदावला, ती जाडही झाली. लगेच काहींनी संकट टळले म्हटले. दोन दिवस ताप उतरला म्हणून औषध बंद करणारे रोगी मी रोज पाहतो! त्या काळातही ग्रीनलंडचे एकूण बर्फ घटतच होते.

आपल्या देशाने दुसरी रीत धरली. गोव्याची ध्रुवीय संशोधन संस्था आणि चेन्नईची समुद्र तंत्रज्ञान संस्था यांनी २०१४ साली स्वालबार्डच्या काँग्सफ्योर्डमध्ये १९२ मीटर खोल पाण्यात ‘इंडआर्क’ ही यंत्रमाळ नांगरली. ती वर काढतात, नोंदी उतरवून घेतात, पुन्हा सोडतात. आपल्या शाळांच्या सहली गोव्याला जातातच. शिक्षक मंडळींनी वास्कोच्या त्या संस्थेला आधी पत्र टाकून, मुलांना ते काम दाखवता येईल का, एवढे विचारून पाहावे.