दुखणे दाताचे की नाकाचे?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे. माझे आयुष्य खडू-फळ्यात गेले. तथापि आरोग्यावर चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा ज्या धड्याची फी मी एका निरोगी दाढेने भरली, तोच धडा आपणांपुढे ठेवावा असे ठरविले.

२००९ च्या पावसाळ्यात मला पडसे झाले आणि आठवड्याभरात डावीकडच्या वरच्या दाढा ठणकू लागल्या. दंतवैद्यांनी दाढा ठोकून पाहिल्या, क्ष-किरण छायाचित्र काढले आणि सांगितले, "दाढेत दोष दिसत नाही, थोडे थांबा." मी थांबलो नाही. दुसरीकडे जाऊन हट्टाने एक दाढ काढवून घेतली. घरी येतो तो शेजारच्या दाढा पूर्ववत ठणकत आहेत! चार-पाच दिवसांनी नाक मोकळे झाले आणि दुखणे आपोआप थांबले. दाढ मात्र गेली ती गेलीच. वर्गात खोडी एकाने करावी आणि छडी शेजारच्याने खावी, तसा हा प्रकार. अपराध दंतवैद्यांचा नव्हे, माझ्या उतावळेपणाचा होता.

असे का होते? आपल्या गालाच्या हाडात, नाकाच्या दोन्ही बाजूंस, एकेक पोकळी असते. इंग्लंडमधील वैद्य नथॅनिएल हायमोर यांनी १६५१ साली आपल्या ग्रंथात तिचे वर्णन केले. वरच्या दाढांची मुळे या पोकळीच्या तळाशी अगदी भिडलेली असतात. मध्ये हाडाचा पातळ पडदा तेवढा असतो. शिवाय दोहोंच्या संवेदना एकाच मज्जातंतूच्या शाखांतून मेंदूकडे जातात. पडशाने पोकळीचे तोंड सुजून बंद झाले, आत स्राव साचला, की दाब वाढतो आणि मेंदूला वाटते, दाढच दुखते आहे.

मग ओळखावे कसे? प्रथम विचारावे, "नेमका कोणता दात?" दाताचे दुखणे असेल, तर मनुष्य बहुधा एका बोटाने दात दाखवितो, पोकळीचे असेल, तर सगळा तळहात गालावर ठेवतो. जमिनीवरचा तांब्या उचलण्यास खाली वाकताच गालात व दाढांत जडपणा वाढला, नाक चोंदलेले असले, दाट शेंबूड येत असला, तर संशय नाकाकडे वळवावा. उलटपक्षी थंड, गरम वा गोड लागताच कळ येऊन ती रेंगाळत राहिली, रात्री झोपमोड झाली, एकाच दाताची हिरडी सुजली, तर दोष दाताचा समजावा. खालचा दात दुखत असेल, तर या पोकळीला दोष देऊ नये. चावताना मात्र दोहोंतही दुखू शकते. तेवढ्यावरून निर्णय करू नये.

याची दुसरी बाजूही आहे. वरच्या किडक्या दाढेच्या मुळाशी झालेला पू पोकळीत उतरून तीच बिघडवितो. एकाच नाकपुडीतून दुर्गंधियुक्त स्राव येत राहिला, तर दाढा अवश्य तपासून घ्याव्यात.

साधे पडशाचे दुखणे बहुधा सात ते दहा दिवसांत ओसरते, आणि त्यास प्रतिजैविक औषधांची सहसा गरज नसते. दहा दिवसांवर लांबले किंवा बरे वाटून पुन्हा बळावले, तर डॉक्टरांकडे जावे. डोळ्याभोवती सूज, दृष्टीत फरक, मानेचा ताठरपणा, गिळण्यास वा श्वासास त्रास, यांपैकी काहीही दिसल्यास घटकाभरही दवडू नये. जबड्याच्या दुखण्याबरोबर छातीत दाब वा घाम आला, तर ते हृदयाचेही असू शकते. तत्काळ रुग्णालय गाठावे.

माताभगिनींस एक विनंती. दुखऱ्या दातावर मिश्री वा तंबाखू दाबू नये; तिने दात बरा होत नाही, व्यसन मात्र जडते. वेदनाशामक गोळी हिरडीवर ठेवू नये, हिरडी भाजते. मुलांना उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेस बसवू नये. भाजण्याचे अपघात होतात.

विद्यार्थ्याला शिक्षा करण्यापूर्वी चौकशी करावी, हे मी शाळेत पाळले. स्वतःच्या दाढेबाबत विसरलो. आपण विसरू नये, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.