काकडआरतीचा महिना

कळमेश्वर तालुक्यांत चंद्रभागा नांवाच्या नदीकांठीं धापेवाडा आहे. विदर्भाचें पंढरपूर म्हणून त्याची ख्याति. या टापूंत कोजागिरीनंतर कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकडआरती चालते.

श्रोतेहो, या महिन्याचीं सुखें लहानच: कापसाची वेचणी, तुळशीच्या लग्नांतील ऊस-आवळा, आंबिया बहाराच्या संत्र्यांवर चढणारा रंग. पण त्या रंगामागें मागील हिवाळ्याची कसोटी असते. कास्तकारानें तेव्हां पाणी तोडून बागेला ताण दिलेला असतो. ताण कमी पडला तर फुलोरा धरत नाहीं. अधिक झाला तर झाडच खचतें. मलूल होणाऱ्या पानांकडे पाहात तो दिवस मोजतो आणि वेळ साधून पाणी सोडतो. मग पांढऱ्या फुलांनीं बाग भरते.

आतां फळ अजून झाडावर आहे, कापसाचा पैसा हातीं यावयाचा आहे. तरी हरभऱ्याचें बीं तो मातींत टाकतो.

पौर्णिमेला काकडा संपतो, तेव्हां त्याचे हात जोडलेले असतात. मिळालें त्याचे उपकार तो मानतोच. पण पुन्हां पेरण्याचें बळ अंगीं उरलें, हेंच देणें त्याला अधिक मोठें वाटतें.