पुनश्च हरिः ॐ

वेदपाठाचा आरंभ 'हरिः ॐ' या उच्चाराने करावयाचा आणि समाप्तीही त्याच उच्चाराने करावयाची, असा पाठशाळांतील जुना प्रघात आहे. त्यावरूनच, खंडित झालेले काम पुन्हा हाती घेणे या अर्थी 'पुनश्च हरिः ॐ' म्हणण्याची रीत मराठीत पडली. बंद ठेवलेले दुकान उघडले, सुटलेला व्यायाम पुन्हा सुरू केला, की घरातले कोणीतरी हे तीन शब्द हटकून उच्चारते. मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात मात्र या शब्दांना याहून मोठे स्थान आहे. दोन थोर संपादकांनी, सुमारे 28 वर्षांच्या अंतराने, आपापल्या पुनरागमनाच्या अग्रलेखाला हेच शीर्षक दिले. पहिल्याचे वाचक त्याची वाट पाहत बसले होते. दुसऱ्याला आपले वाचक पुन्हा गोळा करावयाचे होते. शीर्षक एक असूनही दोघांपुढचे काम किती वेगळे होते, हे पाहण्याजोगे आहे.

पहिले संपादक लोकमान्य टिळक. 1897 साली त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला आणि दीड वर्षाची सक्तमजुरीची शिक्षा सुनावण्यात आली. मुदत पुरी होण्यापूर्वीच, 6 सप्टेंबर 1898 रोजी, काही अटींवर त्यांची सुटका झाली. या काळात 'केसरी' बंद पडला नव्हता. नरसिंह चिंतामण केळकर यांनी संपादनाची धुरा सांभाळली आणि दर मंगळवारी अंक वाचकांच्या हाती पडत राहिला. सुटून आल्यावरही टिळकांनी लगेच लेखणी उचलली नाही. सुमारे दहा महिने गेले आणि 4 जुलै 1899 च्या मंगळवारी 'पुनश्च हरिः ॐ' हा अग्रलेख घेऊन ते आपल्या जागेवर परत आले.

अशा पुनरागमनात अवघडपणा नसतो असे नाही. तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाची लेखणी पूर्वीच्याच धारेची आहे की अटींनी ती बोथट झाली आहे, हे पाहण्यास मित्र आणि सरकार दोघेही सारखेच उत्सुक होते. तथापि वाचक मिळवावयाचा हा प्रश्न टिळकांपुढे नव्हता. घर शाबूत होते, दिवा तेवत होता, घरधनी तेवढा परत यावयाचा होता. केळकरांच्या त्या काळातील कष्टांचा उल्लेख पुष्कळदा राहून जातो. ज्याने दुसऱ्याची जागा राखली त्याच्या नावाने अग्रलेख गाजत नाहीत, हा या व्यवसायाचा जुना रिवाज आहे.

दुसरे संपादक डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांची हकीकत याहून बिकट आणि म्हणूनच अधिक बोधक आहे.

31 जानेवारी 1920 रोजी, शनिवारी, मुंबईत 'मूकनायक' या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले होते. आंबेडकर त्या वेळी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. संपादक म्हणून पत्रावर पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव लागले. आरंभीच्या अग्रलेखांची लेखणी आंबेडकरांचीच होती. या पत्राच्या प्रकाशनाची जाहिरात पैसे देऊन छापण्याची विनंती करूनही 'केसरी'ने ती नाकारली, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविले आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिचा संबंध पुढे येणार आहे.

सहा महिने होत नाहीत तोच, जुलै 1920 मध्ये, अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी आंबेडकर लंडनला गेले. मागे पत्राची व्यवस्था ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांच्याकडे आली. पत्र काही काळ चालले, मग रखडले आणि 1923 मध्ये बंद पडले. त्याच वर्षाच्या एप्रिलात आंबेडकर बॅरिस्टर होऊन मायदेशी परतले, तेव्हा ज्या व्यासपीठावरून बोलावयाचे ते व्यासपीठच उरले नव्हते.

बंद पडलेल्या पत्राच्या वाचकाची मनःस्थिती कशी असते? चालकांना वाटते की तो रागावला असेल. रागावला असता तर बरे झाले असते. रागावलेल्याची समजूत घालता येते. वस्तुतः तो विसरून गेलेला असतो. पहिले दोन अंक आले नाहीत तेव्हा त्याने टपालवाल्याला विचारलेले असते. चौथ्या अंकानंतर तो विचारणेही सोडून देतो. वर्गणी बुडाली असेल तर पुढच्या नव्या पत्रालाही तो सहजी पैसे देत नाही. आणि 'मूकनायका'चा वाचक काही पुण्यातल्या वकिलासारखा पाच पत्रे घेणारा नव्हता. गिरणीतल्या किंवा रेल्वेतल्या मजुरीतून पैसा-पैसा बाजूला टाकून वर्गणी भरावयाची, आणि तीही ज्या वस्तीत अक्षर वाचणारा शोधावा लागे तेथे! अशा ठिकाणी एक पत्र बंद पडते तेव्हा एक वाचणारा आणि त्याच्याभोवती बसून ऐकणारे, असे सगळेच एकदम हरपतात.

आंबेडकरांनी परत येताच पत्र काढले नाही. मधली चार वर्षे वकिलीत आणि संघटनेत गेली. 20 जुलै 1924 रोजी 'बहिष्कृत हितकारिणी सभा' स्थापन झाली. 1927 च्या आरंभी ते मुंबई कायदे कौन्सिलाचे सभासद झाले. मग मार्च आला आणि महाडची परिषद भरली. महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव 1924 सालीच केला होता. पण तो कागदावरच राहिला होता. 20 मार्च 1927 रोजी परिषदेचे हजारो लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पाठोपाठ, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठविण्यात आली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींना मारहाण झाली.

बरोबर चौदा दिवसांनी, 3 एप्रिल 1927 रोजी, 'बहिष्कृत भारत' निघाले. या खेपेला संपादक म्हणून आंबेडकरांनी स्वतःचे नाव घातले. पहिल्या अग्रलेखाचे शीर्षक होते 'पुनश्च हरिः ॐ'.

या शीर्षकाची निवड सहज झाली असेल असे मानणे कठीण आहे. सात वर्षांपूर्वी ज्या पत्राने आपली जाहिरात पैसे घेऊनही छापली नव्हती, त्याच पत्रातील सर्वांत गाजलेल्या अग्रलेखाचे नाव येथे उचलले होते. दुसरे असे की हे शब्द मूळचे वेदपाठातले. आणि वेदपाठ कानांवर पडणेही ज्यांना शास्त्राने निषिद्ध ठरविले होते, त्यांच्या पत्राच्या कपाळी ते आता छापले गेले. याहून मोठा खुलासा करण्याची गरज नव्हती. पुण्यातल्या वाचकाला त्यातली मेख कळली असेल, आणि परळच्या चाळीतल्या वाचकाला एवढे कळले असेल की आपला माणूस पुन्हा बोलू लागला आहे.

पत्राचे नाव मात्र जुने ठेवले नाही. या बाबतीत दोन्ही मार्ग अनुसरलेले दिसतात. इंग्लंडात 'स्पेक्टेटर' हे दैनिक 6 डिसेंबर 1712 रोजी थांबले; दीड वर्षाने, 18 जून 1714 रोजी, ॲडिसनने ते त्याच नावाने पुन्हा काढले. जोडीदार स्टील या वेळी बरोबर नव्हता. पत्र आठवड्यातून तीनदा निघे आणि 80 अंकांनंतर ते कायमचे संपले. जुन्या नावाबरोबर जुनी आठवण येते, तशी जुनी तुलनाही येते. 'मूकनायका'च्या बाबतीत तर नावच मागे पडले होते. मुक्यांचा नायक ही कल्पना 1920 साली शोभली. परंतु महाडच्या तळ्यावर जाऊन आलेले लोक आता मुके राहिले नव्हते.

वाचक परत कसा येतो याचे उत्तर त्यापुढील अंकांत सापडते. परिषदेहून गावी परतलेल्या प्रत्येकाजवळ महाडची एक-एक हकीकत होती; बाहेरची पत्रे आपापल्या परीने वेगळेच काही सांगत होती. नेमके काय घडले आणि त्याचा अर्थ काय, हे आपल्या बाजूने सांगणारे पत्र या लोकांना त्याच पंधरवड्यात हवे होते. 'बहिष्कृत भारता'ने मग महाडच्या 'धर्मसंगरा'वर अग्रलेखांची मालिका चालविली: एक लेख वरिष्ठ हिंदूंच्या जबाबदारीवर, दुसरा इंग्रज सरकारच्या जबाबदारीवर आणि तिसरा अस्पृश्य वर्गाच्या स्वतःच्या जबाबदारीवर. हा क्रम पाहण्यासारखा आहे. पहिल्या दोन लेखांवर वाचकाने मान डोलवावी आणि तिसरा उघडताच संपादकाचे बोट आपल्याकडेच वळलेले पाहावे. वाचक गमावण्याची भीती असलेला संपादक हा तिसरा लेख लिहीत नाही. परत मिळवावयाच्या वाचकाला आधी गोंजारावे, असा व्यवहारी सल्ला कोणीही दिला असता. आंबेडकरांनी त्याला कामाला लावले. त्या वर्षाच्या डिसेंबरात महाडला दुसरी परिषद भरली तेव्हा लोक पुन्हा हजारोंनी आले. त्यात पत्राचा वाटा किती आणि प्रत्यक्ष प्रचाराचा किती, हे वेगळे करून सांगता येणार नाही, आणि वेगळे करण्याचे कारणही नाही.

परंतु वाचक येणे निराळे आणि वर्गणी येणे निराळे. पत्राला जाहिराती नाहीत, पगारी सहसंपादक नाही. अंकाचे 24-24 रकाने संपादकाने एकट्याने भरावयाचे, आणि तेही कोर्ट, कौन्सिल आणि सभा यांतून उरलेल्या वेळात. अखेर 3 फेब्रुवारी 1928 च्या अंकात 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' या मथळ्याचा लेख आला. आपण वर्षभर एक पैही न घेता हे पत्र चालविले, मग समाजाकडे त्याचे काही देणे निघते की नाही, असा हा सरळ हिशेब होता. परमेश्वराचे, पितरांचे ऋण फेडण्याची आपल्याला सवय आहे. छापखान्याचे देणे हेही ऋणच आहे, हे सांगावे लागते. मराठीत संपादकांनी वर्गणीदारांना घातलेली गाऱ्हाणी विपुल आहेत. बहुतेकांचा सूर याचनेचा असतो, काहींचा त्राग्याचा. या लेखाच्या मथळ्यात यांपैकी काहीच नाही. त्यात वाचकाला भागीदार धरले आहे, आणि भागीदाराला हिशेब दाखविण्यात लाज कसली?

तरीही हिशेब जुळला नाही. 'बहिष्कृत भारत' 15 नोव्हेंबर 1929 रोजी बंद पडले. म्हणजे अवघ्या दहा वर्षांत एकाच संपादकाची दोन पत्रे मिटली. बाहेरून पाहणाऱ्याला हा अपयशाचाच पाढा वाटला असता. कसोटीची गोष्ट पुढे घडली. सुमारे एका वर्षाने, 24 नोव्हेंबर 1930 रोजी, 'जनता' निघाले. त्याचे संपादन देवराव विष्णू नाईक यांच्याकडे होते. आंबेडकर त्या वेळी गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्ये होते. दहा वर्षांपूर्वीही ते लंडनलाच गेले होते आणि मागे 'मूकनायक' कोमेजले होते. या खेपेला संपादक येथे नसतानाही पत्र उभे राहिले, आणि उभे राहिले म्हणजे टिकलेही. 'केसरी'ला 1897 साली केळकर मिळाले होते. तशी जागा राखणारी माणसे आता या बाजूलाही तयार झाली होती. 'बहिष्कृत भारता'च्या अडीच वर्षांची कमाई मोजावयाची झाली तर ती वर्गणीच्या वहीत न पाहता येथे पाहिली पाहिजे.

1990 साली महाराष्ट्र शासनाने 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' यांचे उपलब्ध अंक एका ग्रंथात पुनर्मुद्रित केले, त्यामुळे ते रकाने आज कोणालाही घरी बसून वाचता येतात. अंक मिळविताना संपादकांना किती शोध करावा लागला असेल याची कल्पना 'मूकनायका'च्या भागावरून येते, कारण त्याचे सगळे अंक हाती लागलेले नाहीत. ज्या वस्तीत ते वाचले गेले तेथे जुने अंक जपून ठेवण्यास कपाट कोठून असणार?

'जनता'चे नाव 4 फेब्रुवारी 1956 रोजी बदलून 'प्रबुद्ध भारत' असे करण्यात आले. हे नामांतर मात्र पत्र बंद पडल्यामुळे झालेले नव्हते.