पंचाहत्तरीनंतरचं तिकीट: शून्य रुपये

मी 77 वर्षांची आजी बोलतेय.

"आता आराम कर," असं मला सगळे सांगतात. प्रेमानेच. पण मला त्यात "आता तुझी गरज नाही" असंही ऐकू येतं. म्हणून मी स्वतःच उद्योग शोधलेत.

पुदिन्याची पानं चटणीला काढली की काड्या पाण्यात ठेवते. आठवडाभरात मुळं फुटतात, मग कुंडीत लावायच्या. ओव्हन नाही, तर कुकर आहे ना! शिट्टी आणि रिंग काढायची, तळाला मीठ पसरायचं, पाणी अजिबात नाही. मंद आचेवर नानकटाई मस्त होते. दोन वाट्या मैदा, एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर आणि वेलची.

आणि फिरणं! ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटी मोफत आहे. नानकटाईचा डबा घेऊन मैत्रिणीच्या गावी जाते, येताना तिच्याकडची गुलाबाची फांदी आणते. मुलगा म्हणतो, "एकटी जाऊ नकोस." मी म्हणते, "फोन चार्ज केलाय रे!"

तुमच्या आजी-आजोबांनाही "आराम करा" म्हणण्याऐवजी "आज काय बेत?" असं विचारून बघा. उत्तर लांबलचक येईल हं, वेळ काढून विचारा.